मिश्र प्रारणक्षेत्रातील टीएलडी मापन: वजाबाकीत दडणाऱ्या या चुका टाळा

तापदीप्तीवर चालणारा मात्रामापक, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेला टीएलडी, खरे पाहता प्रारणाची मात्रा मोजतच नाही. तो तापवला की प्रकाश देतो आणि त्या प्रकाशावरून मात्रा किती असावी हे आपण ठरवतो. प्रारणाने स्फटिकात मोकळे केलेले इलेक्ट्रॉन अशुद्धीमुळे निर्माण झालेल्या सापळ्यांत अडकून राहतात, पुरेशी उष्णता मिळाली की सुटतात आणि पुन्हा स्थिरावताना प्रकाश सोडतात. क्षेत्रात केवळ गॅमा किरण असतील तर हा हिशेब सरळ आहे. परंतु अणुभट्टीच्या परिसरात, न्यूट्रॉन स्रोत ठेवलेल्या खोलीत किंवा १० मेगाव्होल्ट आणि त्याहून अधिक क्षमतेवर चालणाऱ्या वैद्यकीय रेषीय त्वरकाच्या दालनात गॅमा व न्यूट्रॉन एकत्र नांदतात, आणि टीएलडीच्या चिपमधून, म्हणजे त्याच्या छोट्या स्फटिकातून, निघालेल्या प्रकाशावर तो कोणामुळे आला याची कोणतीही खूण नसते.

ही खूण मिळवण्याचा रूढ मार्ग म्हणजे लिथियम फ्लोराइडच्या दोन चिपांची जोडी. टीएलडी-६०० या चिपेत लिथियम-६ हे समस्थानिक सुमारे ९५.६ टक्के असते, तर टीएलडी-७०० मध्ये लिथियम-७ चे प्रमाण ९९.९ टक्क्यांहून अधिक असते. लिथियम-६ चा औष्णिक, म्हणजे मंदावलेल्या, न्यूट्रॉनांसाठीचा काटछेद, म्हणजे ते शोषण्याच्या शक्यतेचे माप, सुमारे ९४० बार्न एवढा मोठा आहे. न्यूट्रॉन शोषल्यावर ते अल्फा कण आणि ट्रायटॉन (ट्रिटियमचे केंद्रक) यांत फुटते आणि ४.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा चिपेतच पसरते. लिथियम-७ मात्र औष्णिक न्यूट्रॉनांना जवळजवळ दाद देत नाही. त्यामुळे पहिल्या चिपेच्या वाचनातून दुसरीचे वाचन वजा केले की उरतो तो न्यूट्रॉनांचा वाटा, असे मानले जाते.

मिश्र क्षेत्रात टीएलडीवर अजिबात विश्वास ठेवू नये असे म्हणणारे आणि डोळे मिटून त्याचे आकडे नोंदवणारे, हे दोन्ही पक्ष मला सारखेच चुकीचे वाटतात. पदार्थ बहुधा भरवशाचा असतो. अडचण वजाबाकीत असते, कारण गॅमाच्या मापनात खपून जाणारी किरकोळ चूक न्यूट्रॉनांच्या आकड्यात कित्येक पटींनी फुगून बसते.

वजाबाकीचे गणित न मांडता आकडा नोंदवणे

एक साधे उदाहरण घेऊ. टीएलडी-६०० चे वाचन १०.० एकक आले, टीएलडी-७०० चे ९.५ आले आणि दोन्हींची अनिश्चितता पाच टक्के आहे. फरक ०.५ एकक दिसतो; परंतु दोन्ही अनिश्चिततांचे वर्ग जोडून वर्गमूळ काढले तर फरकाची अनिश्चितता सुमारे ०.७ येते. म्हणजे न्यूट्रॉन होते की नव्हते हेसुद्धा या वाचनावरून सांगता येत नाही. हीच जोडी न्यूट्रॉनांचे प्राबल्य असलेल्या जागी ठेवली आणि वाचने १०.० व १.० आली, तर फरक ९.० आणि अनिश्चितता ०.५ च्या आसपास राहते. चिपा त्याच, त्या तापवून प्रकाश मोजणारा रीडर तोच, पद्धत तीच. विश्वासार्हता मात्र क्षेत्रातील गॅमा आणि न्यूट्रॉन यांच्या प्रमाणावर ठरली. म्हणूनच ‘या पदार्थाची अचूकता किती’ या प्रश्नाला क्षेत्राचे वर्णन केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्वरकाच्या दालनात फोटॉनांच्या मुख्य शलाकेत ठेवलेल्या जोडीकडून न्यूट्रॉनांची अपेक्षा करणे निरर्थक ठरते ते याच कारणाने.

याच गणितात आणखी एक गोष्ट लपलेली असते. दोन्ही चिपा गॅमाला सारख्याच संवेदनशील असतात असे गृहीत धरून थेट वजाबाकी केली जाते, वास्तविक त्यांच्या संवेदनशीलतेचे गुणोत्तर आधी सीझियम-१३७ च्या गॅमा स्रोतावर प्रत्येक जोडीसाठी मोजून ठेवावे लागते. हे गुणोत्तर तीन टक्क्यांनी जरी चुकले, तरी गॅमाच्या १० मिलिसिव्हर्टांमागे ०.३ मिलिसिव्हर्ट गॅमासमतुल्य (म्हणजे तेवढ्या गॅमाने दिला असता तितक्या प्रकाशाचा) एवढा खोटा न्यूट्रॉन संकेत जन्माला येतो. एकाच खेपेतील चिपांच्याही संवेदनशीलतेत फरक असतो, त्यामुळे प्रत्येक चिपेचा स्वतंत्र दुरुस्ती गुणांक ठेवणे आणि तो वापरांच्या ठरावीक फेऱ्यांनंतर पुन्हा तपासणे याला पर्याय नाही. खेपेची सरासरी गॅमासाठी चालून जाते. फरकासाठी चालत नाही.

वजाबाकी ऋण आली तर ती शून्य लिहून मोकळे होण्याची सवयही सोडावी. नोंदवहीत किमान नोंदपात्र मर्यादेखालील मात्रा कशी लिहायची याचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु मूळ आकडेवारीत ऋण वाचने शून्य केली, तर धन बाजूच्या चुका तेवढ्या शिल्लक राहतात आणि अनेक महिन्यांची सरासरी हळूहळू वर सरकते. एखाद्या गटाची वाचने सतत ऋणच येत असतील, तर बहुधा गॅमा गुणोत्तर चुकलेले आहे किंवा चिपांची अदलाबदल झालेली आहे.

सारख्या दिसणाऱ्या चिपा

टीएलडी-६०० आणि टीएलडी-७०० दिसायला हुबेहूब सारख्या असतात: ३.२ मिलिमीटर बाजूचे, ०.९ मिलिमीटर जाडीचे पांढुरके चौकोन. एकाच ट्रेमध्ये दोन्ही तापवणे, एकाच चिमट्याने दोन्ही उचलणे आणि ‘लक्षात राहील’ या भरवशावर त्या पेटीत परत ठेवणे यातून होणारा घोळ पुढे महिनोन्महिने सापडत नाही. शिवाय टीएलडी-६०० चा कोपरा तुटून त्याचा भुगा टीएलडी-७०० वर बसला, तर तीही न्यूट्रॉनांना प्रतिसाद देऊ लागते. दोन्हींचे ट्रे वेगळे ठेवावेत आणि शंका आली की सर्व चिपांना औष्णिक न्यूट्रॉनांचा एक समान डोस द्यावा. त्यात चुकीच्या जागी बसलेली चिप लगेच उघडी पडते.

याहून सूक्ष्म चूक चिपांच्या मांडणीत होते. टीएलडी-६०० मध्ये औष्णिक न्यूट्रॉनाचा सरासरी मुक्त पथ किती, हे घनतेवरून काढून पाहावे: लिथियम फ्लोराइडची घनता सुमारे २.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि काटछेद ९४० बार्न धरला, तर उत्तर जेमतेम ०.१८ मिलिमीटर येते. म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीच्या चिपेवर सरळ येऊन आदळलेला औष्णिक न्यूट्रॉन पलीकडे जवळजवळ जातच नाही. चिपेचा पृष्ठभाग पुढच्या थराला सावली देतो, एक चिप शेजारच्या चिपेला सावली देते, आणि दोन टीएलडी-६०० एकमेकींमागे ठेवल्या तर मागचीचे वाचन पडते. कोणत्या दिशेने न्यूट्रॉन आले यावर वाचन अवलंबून राहते ते वेगळेच. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माहीत असलेल्या मात्रेशी वाचन जुळवून घेण्याच्या, वेळी चिपा ज्या अंतरावर आणि ज्या धारकात होत्या, त्याच अंतरावर व त्याच धारकात त्या प्रत्यक्ष वापरात असल्या पाहिजेत. पातळ थराच्या चिपा वापरल्यास ही सावली कमी होते, मात्र प्रकाशही कमी मिळतो.

दोन्ही चिपा एकमेकींना चिकटवून ठेवणे हे तर टाळलेच पाहिजे. लिथियम-६ फुटल्यावर निघणारा २.७३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा ट्रायटॉन लिथियम फ्लोराइडमध्ये तीसेक मायक्रोमीटर अंतर कापतो. वर पाहिल्याप्रमाणे बहुतेक अभिक्रिया पृष्ठभागाजवळच होतात, त्यामुळे त्यांतील काही ट्रायटॉन बाहेर पडून शेजारच्या टीएलडी-७०० मध्ये घुसतात आणि तिचे ‘शुद्ध गॅमा’ वाचन बिघडवतात. मधे पातळ प्लास्टिकचा पडदा पुरेसा होतो. औष्णिक न्यूट्रॉन अडवण्यासाठी वापरलेल्या कॅडमियमच्या पत्र्याचेही असेच आहे. तो सुमारे ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्टखालचे न्यूट्रॉन गिळतो खरा, पण गिळताना स्वतः गॅमा सोडतो, आणि हा गॅमा क्षेत्राचा नसून पत्र्याचा आहे हे टीएलडी-७०० ला कळत नाही. कॅडमियम लावून आणि न लावून घेतलेल्या वाचनांतील गॅमाचा फरक नोंदवल्याशिवाय अशा मापनाला अर्थ नाही.

कोणत्या स्रोतावर कॅलिब्रेशन केले?

माझ्या मते सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक येथे होते. टीएलडी-६०० मध्ये घडणारी अभिक्रिया मानवी ऊतीत घडत नाही. ऊतीत औष्णिक न्यूट्रॉनांची मात्रा मुख्यतः नायट्रोजनने न्यूट्रॉन शोषून सोडलेल्या प्रोटॉनामुळे आणि हायड्रोजनने शोषताना सोडलेल्या २.२२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमामुळे मिळते, तर वेगवान न्यूट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकांना ढकलून ऊर्जा देतात. म्हणून चिपेचा न्यूट्रॉन संकेत ही मात्रा नसून मंद न्यूट्रॉन किती आले याची खूण आहे, आणि तिचे मात्रेत रूपांतर करणारा गुणांक पूर्णपणे न्यूट्रॉनांच्या ऊर्जावर्णपटावर अवलंबून असतो. गॅमासमतुल्य फरक सरळ प्रारण भारांकाने, म्हणजे प्रारणाची हानिकारकता दाखवणाऱ्या आकड्याने, गुणून सिव्हर्टमध्ये लिहिणारे तक्ते पाहण्यात येतात, ते त्यामुळेच चुकीचे असतात. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाच्या २००७ मधील शिफारशींनुसार हा भारांक औष्णिक न्यूट्रॉनांसाठी २.५ आहे आणि १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तो २० च्या घरात पोचतो. कोणता आकडा घ्यायचा हे चिप सांगत नाही, आणि योग्य आकडा सापडला तरी चिपेतील प्रकाश म्हणजे ऊतीतील शोषित मात्रा होत नाही.

शरीरातून परतणारे मंद न्यूट्रॉन मोजणारा अल्बेडो बॅज या दृष्टीने विशेष हळवा असतो. उघड्या अमेरिशियम-बेरिलियम स्रोताच्या न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा सुमारे ४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्यावर कॅलिब्रेट केलेला अल्बेडो बॅज काँक्रीट आणि पाणी यांमधून मंदावलेल्या न्यूट्रॉनांच्या जागी वापरला, तर तो त्याच मात्रेसाठी दहापट किंवा त्याहूनही अधिक वाचन देऊ शकतो. यावरचा जुना आणि अजूनही उपयुक्त उपाय म्हणजे कामाच्या जागीच नऊ इंच आणि तीन इंच व्यासाच्या पॉलिथिलीन गोलांत ठेवलेल्या शोधकांच्या वाचनांचे गुणोत्तर घेऊन स्थानिक दुरुस्ती गुणांक काढणे. तो जागेपुरताच लागू असतो. यंत्राभोवतीचे कवच बदलले, भिंत वाढली, की तो पुन्हा काढावा लागतो. बॅज शरीरापासून सुटून लोंबकळत असेल तर परतणारे न्यूट्रॉन कमी पोचतात आणि वाचन खाली येते, त्यामुळे अशा बॅजचा पट्टा नीट आवळलेला असणे ही मापनाचीच अट समजावी.

कॅलिब्रेशनच्या खोलीतही सापळे आहेत. भिंती आणि जमीन यांवरून परतलेले मंद न्यूट्रॉन लिथियम-६ ला थेट न्यूट्रॉनांपेक्षा अधिक ‘दिसतात’, म्हणून छायाशंकू (स्रोताकडून थेट येणारे न्यूट्रॉन अडवणारा शंकू) वापरून त्यांचा वाटा वेगळा काढावा लागतो. व्यक्तिगत बॅज ३० × ३० × १५ सेंटिमीटरच्या पाण्याच्या फँटमवर, म्हणजे शरीराच्या जागी धरलेल्या प्रतिकृतीवर, ठेवूनच कॅलिब्रेट करावा, हवेत टांगून नव्हे. अमेरिशियमचा ५९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा शिशाच्या पातळ आवरणाने अडवला नसेल, तर ज्याला आपण न्यूट्रॉन स्रोत म्हणतो तोच एक मिश्र स्रोत ठरतो.

कॅल्शियम सल्फेटचे वेगळे प्रश्न

भारतात व्यक्तिगत मापनासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला बॅज वापरला जातो. त्यात डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये मिसळून केलेल्या ०.८ मिलिमीटर जाडीच्या तीन चकत्या असतात, एक धातूच्या फिल्टरखाली, एक प्लास्टिकखाली आणि एक उघडी. हा पदार्थ टीएलडी-१०० पेक्षा, म्हणजे नैसर्गिक लिथियमच्या लिथियम फ्लोराइडपेक्षा, कित्येक पटींनी अधिक प्रकाश देतो, परंतु त्याचा परिणामी अणुक्रमांक सुमारे १५ आहे, ऊतीचा साडेसातच्या जवळ. त्यामुळे ३० ते ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनांना तो प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतो आणि हा फुगवटा फिल्टरांच्या गुणोत्तरावरूनच काढून टाकावा लागतो. चकत्या बसवलेले कार्ड फिल्टरांच्या कॅसेटमध्ये उलटे बसले की गुणोत्तरे अदलाबदल होऊन गणित कोसळते. कार्डाच्या एका कोपऱ्यावरील असममित खाच त्यासाठीच आहे, तरीही घाईत ही चूक होते.

बीटा आणि गॅमा यांच्या मिश्रणात अडचण जाडीची असते. त्वचेची मात्रा ७ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर खोलीवर ठरवतात, आणि चकतीची स्वतःची जाडी त्याच्या पंचवीसपटीहून अधिक भरते. स्ट्रॉन्शियम-यिट्रियमच्या जोरकस बीटासाठी हे निभावते. थॅलियम-२०४ सारख्या मध्यम ऊर्जेच्या स्रोतासाठी प्रतिसाद बराच घटतो. म्हणून स्रोत कोणता हे माहीत नसताना एकच बीटा गुणांक लावू नये.

या पदार्थाची न्यूट्रॉन क्षेत्रातील वर्तणूक मात्र फारच थोडे वापरकर्ते लक्षात घेतात. डिस्प्रोशियमच्या समस्थानिकांपैकी सुमारे २८ टक्के असलेले डिस्प्रोशियम-१६४ औष्णिक न्यूट्रॉन हावरटासारखे शोषते. त्याचा काटछेद २,६०० बार्नहून अधिक आहे. शोषल्यानंतर बनलेले डिस्प्रोशियम-१६५ सुमारे २.३ तासांच्या अर्धायुष्याने बीटा सोडत राहते, म्हणजे बॅज क्षेत्राबाहेर आणल्यावरही चकती स्वतःला मात्रा देत असते. वेगवान न्यूट्रॉनांच्या बाबतीत गंधकापासून १४.३ दिवस अर्धायुष्याचे फॉस्फरस-३२ बनते. तीव्र औष्णिक क्षेत्रातून आलेली चकती लगेच वाचली तर एक आकडा, दुसऱ्या दिवशी वाचली तर दुसरा, असे घडले तर रीडरला दोष देण्याआधी याचा विचार करावा. चकती वाचून, पूर्ण रिकामी करून, काही तास अंधारात ठेवून पुन्हा वाचली आणि संकेत आला, तर स्वयंसक्रियण निश्चित समजावे. या संकेतावरूनच न्यूट्रॉनांचा अंदाज घेण्याची पद्धतही आहे. आणि लिथियम फ्लोराइडची एक चिप व कॅल्शियम सल्फेटची एक चकती अशी जोडी जमवून वजाबाकी करणे तर सर्वथा टाळावे, कारण दोन्हींचा फोटॉन ऊर्जेला मिळणारा प्रतिसादच वेगळा असल्याने फरकात न्यूट्रॉन कमी आणि फोटॉनांचा वर्णपट जास्त बोलतो.

तापवण्यातील चुका

मॅग्नेशियम-टायटॅनियमयुक्त लिथियम फ्लोराइडला पुन्हा वापरण्याआधी ४०० अंश सेल्सिअसला एक तास आणि त्यानंतर १०० अंशांना दोन तास, किंवा ८० अंशांना चोवीस तास, तापवतात. तापमानाइतकाच महत्त्वाचा आहे ४०० अंशांवरून थंड होण्याचा वेग, कारण सापळ्यांची रचना त्या काही मिनिटांत ठरते. ट्रे एके दिवशी जाड अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या टेबलावर ठेवला, तर संवेदनशीलता बदलते आणि कारण कोणालाच सापडत नाही.

मॅग्नेशियम-तांबे-फॉस्फरसयुक्त लिथियम फ्लोराइड यापेक्षा सुमारे पंचवीस ते तीसपट संवेदनशील आहे, परंतु त्याला २४० अंशांहून अधिक तापवले की संवेदनशीलता घटते. जुन्या भट्टीत सवयीने ४०० अंश लावले गेले तर अख्खी खेप वाया जाते. टेफ्लॉनच्या चकत्यांनाही असे तापमान सोसत नाही.

ग्लो कर्व्ह न पाहणे

रीडरने दिलेला एकच एकूण आकडा उचलणे ही आळसाची चूक आहे. तापमानाबरोबर प्रकाश कसा वाढला व उतरला हे दाखवणारा ग्लो कर्व्ह पाहिला, तर धूळ, तेलकट बोटांचे डाग आणि नायट्रोजनचा प्रवाह खंडित झाल्याने आलेला खोटा प्रकाश हे सगळे मुख्य शिखरापासून वेगळे ओळखू येते. मॅग्नेशियम-टायटॅनियमयुक्त चिपेत मुख्य शिखर २०० अंशांच्या थोडे पुढे असते. अल्फा व ट्रायटॉन यांसारख्या, वाटेवर दाटीने ऊर्जा सोडणाऱ्या कणांमुळे त्यापुढील उच्च तापमानाची शिखरे तुलनेने उंच होतात. या गुणोत्तरावरून एकाच चिपेतून न्यूट्रॉनांचा सुगावा लावण्याची पद्धत आकर्षक आहे. मात्र गॅमाची मात्रा वाढली की हीच शिखरे मुख्य शिखराच्या आधी अतिरेषीय होऊ लागतात (मात्रेच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतात), म्हणजे केवळ गॅमामुळेही गुणोत्तर चढते. कमी मात्रेला ही पद्धत साक्षीदार म्हणून चांगली; मोठ्या मात्रेला तिच्यावर निकाल देऊ नये. दाट ऊर्जा सोडणाऱ्या कणांसाठी प्रकाशाची कार्यक्षमताच घटते, सुमारे १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति मायक्रोमीटरच्या पुढे तर स्पष्टपणे. अंतराळयानांत टीएलडीबरोबर सीआर-३९ हे मागखुणा दाखवणारे प्लास्टिक जोडतात ते यासाठीच.

नियंत्रण बॅज आणि शिल्लक राहणारा संकेत

केवळ पार्श्वभूमी मोजून ती इतरांच्या वाचनातून वजा करण्यासाठी ठेवलेला नियंत्रण बॅज प्रारणाच्या खोलीतच टांगलेला आढळला, तर सर्वांच्या मात्रा कमी लिहिल्या जात आहेत असे समजावे. नैसर्गिक पार्श्वभूमी तासाला ०.१ मायक्रोग्रे धरली तरी नव्वद दिवसांत सुमारे ०.२ मिलिग्रे जमा होते, आणि न्यूट्रॉनांच्या छोट्या फरकापुढे ही रक्कम लहान नाही.

टीएलडी-६०० चे रिकामे वाचन पुन्हापुन्हा तापवूनही वर्षागणिक चढत असेल, तर भट्टी किंवा रीडर यांच्यात दोष शोधत बसू नये. तीव्र न्यूट्रॉन क्षेत्रात वापरलेल्या चिपेत ट्रिटियम साठत जाते. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे आणि त्याच्या मंद बीटामुळे चिप पेटीत पडल्यापडल्या स्वतःला मात्रा देत राहते. अशा चिपा दोन आठवडे शिशाच्या पेटीत ठेवून वाचाव्यात, साठलेला संकेत दिवसांच्या प्रमाणात वाढतो का ते पाहावे, आणि तो फरकाच्या पंगतीत बसण्याइतका मोठा झाला असेल तर त्या चिपा न्यूट्रॉन मापनातून कायमच्या बाजूला काढाव्यात.